हौसेच्या विमानाला जागा कुठे?

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था येणार म्हटल्यावर विदर्भात आनंद झाला, तो रास्तच आहे. ३४ विमानं, वर्षाला १८० वैमानिक हे आकडे एव्हाना सगळ्यांना पाठ झाले असतील. पण या चर्चेत विमान चालवणं म्हणजे नोकरीच, असं धरून चाललं आहे. पगार किती, कर्ज कधी फिटणार, कुठली कंपनी घेणार. एखाद्या डॉक्टरला किंवा द्राक्षबागायतदाराला रविवारी सकाळी नुसतं उडावंसं वाटलं तर त्याने कुठे जायचं, हे कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

कारण आपली विमानसेवा हौसेतूनच जन्माला आली. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांनी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तेव्हा त्यांना कुठे नोकरी धरायची नव्हती. होतं ते वेड. त्याच वेडापायी १५ ऑक्टोबर १९३२ ला टपालाच्या थैल्या घेऊन ते कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे एकटेच जुहूला उतरले. पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, तोच प्रवास त्यांनी पुन्हा केला.

या वेडात असतं तरी काय? सेसना १७२ सारखं चार आसनी विमान घ्या. उड्डाणाआधी पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरायचं. रंग निळसर हवा. तळाशी वेगळा थेंब दिसला तर ते पाणी, आणि तेवढं पाणी विमान वर चढत असताना इंजिन बंद पाडू शकतं. मग येतो पहिल्या एकट्या उड्डाणाचा दिवस. प्रशिक्षक दार उघडून खाली उतरतो. त्याचं वजन गेल्यामुळे विमान रोजच्यापेक्षा लवकर जमीन सोडतं आणि शेजारची खुर्ची रिकामी असल्याचं खऱ्या अर्थाने तेव्हा कळतं. आता ते खाली आणायचं आहे ते तुम्हालाच. असा अनुभव बोइंगच्या खिडकीतून मिळत नाही.

खासगी परवान्याला किमान ४० तासांचं उड्डाण, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी लागते. या परवान्यावर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही, म्हणजे सगळा खर्च पदरचा. उडण्याच्या तासाला आज दहा हजारांच्या वरच मोजावे लागतात. पण खरा भार त्या तासाचा नसतो. हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी हा खर्च विमान उभं असलं तरी चालूच राहतो. इंजिनाचं ओव्हरहॉल साधारण २,००० तासांनी येतं, पण कमी वापरलेलं इंजिन आतून गंजतं. जो सर्वांत कमी उडतो त्यालाच तास सर्वांत महाग पडतो. अमेरिकेत म्हणूनच चार-पाच जण मिळून एक विमान घेतात.

इंधनाचाही प्रश्न आहे. ते निळसर इंधन, म्हणजे एव्हगॅस, अजून शिसंमिश्रित आहे. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसं केव्हाच गेलं, लहान विमानांच्या इंधनात ते राहिलं, आणि अमेरिका ते २०३० च्या अखेरपर्यंत हद्दपार करू पाहते आहे. आपल्याकडे २०२२ पर्यंत एव्हगॅस आयात होत असे. मग इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. अमरावतीसाठी घेतलेली पायपर आर्चर डीएक्स विमानं मात्र डिझेल इंजिनाची, जेटच्या इंधनावर चालणारी आहेत. निवड शहाणपणाची आहे.

धोकाही मान्य करायला हवा. अमेरिकेत अशा उड्डाणांच्या लाख तासांमागे साधारण एक प्राणघातक अपघात होतो. प्रवासी विमानांशी त्याची तुलनाच नको. जमीन आणि क्षितिज बघून उडणारा माणूस ढगात शिरला की वर-खालीचं भान सुटतं, कारण कानातला तोल चुकीचं सांगतो. पावसाळ्यातल्या सह्याद्रीवर हौशी माणसाने जाऊच नये.

आणि तरीही अमोल यादव यांच्यासारखा माणूस निघतोच. कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, जेट एअरवेजची नोकरी सांभाळून या वैमानिकाने सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, मंत्र्यांनी कौतुक केलं. नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडालंही. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यासाठी ‘एक्सपेरिमेंटल’ हा स्वतंत्र वर्ग आहे. निम्म्याहून जास्त काम स्वतः केल्याचं दाखवायचं, तपासणीला सामोरं जायचं, ठरलेले तास ठरलेल्या हद्दीत उडायचं. वाट आधीच आखलेली असते. यादवांना उमेदीची वर्षं फाइलीमागे घालवावी लागली. त्यांची चिकाटी थोर आहेच, पण मला ती बघून आनंदापेक्षा संताप जास्त येतो. इतकी चिकाटी नसलेले किती जण वाटेतच थांबले असतील!

राज्यात धुळे, लातूर, यवतमाळ, धाराशिव अशा धावपट्ट्या आहेत. तिथे एव्हगॅसची छोटी टाकी, दोन-चार शेड आणि परवानाधारक हौशी वैमानिकाला सुट्टीच्या दिवशी ठरलेल्या वेळी प्रवेश मिळाला पाहिजे. धुळ्याला बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण आधीपासून चालतं. सुरुवात तिथूनच करता येईल.