पुढचा ब्रेक

मागच्या उन्हाळ्यात गोकाकहून माझ्या बहिणीचा फोन आला. ती रडत नव्हती, चांगलीच चिडलेली होती. "दादा, तू आणून दिलेल्या सायकलवरून पोरगा तोंडावर पडला. हनुवटीला तीन टाके पडलेत. ती सायकल येऊन घेऊन जा." मागून तिच्या सासूबाईंचा, म्हणजे पोराच्या अज्जीचा, आवाज ऐकू येत होता. त्या कानडीत काय बोलत होत्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात माझं नाव दोनदा आलं, एवढं सांगतो.

भाचा चौदा वर्षांचा. त्याला वेड लागलंय ते ट्रायल्स सायकलचं. ही शर्यतीची सायकल नव्हे. हिला बसायला सीटच नसते. खडक, लाकडाचे ओंडके, भिंतीचे कठडे यांवरून पाय जमिनीला न टेकवता सायकल न्यायची, हा खेळ. जुन्या गुणपद्धतीत पाय टेकला की एक दंड, आणि एका टप्प्यात पाच झाले की तो टप्पा गेला. वेगाला इथे किंमत नाही. अज्जींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सावकाश जायचं असेल तर पडतो कसा?" सावकाश हा शब्द मराठी आणि कानडी दोन्ही घरांत सारखाच चालतो, त्यामुळे प्रश्न टाळता आला नाही.

खेळाचा जन्म स्पेनमधल्या कॅटलोनियातला, १९७० च्या दशकातला. पेरे पी हे माँटेसा मोटारसायकल कंपनीशी जोडलेले नामवंत ट्रायल खेळाडू. त्यांचा मुलगा ओट याला बापासारखं खडकांवरून जायचं होतं, पण मोटारसायकल चालवायचं वय नव्हतं. मग त्याच्यासाठी लहान चाकांची, इंजिन नसलेली सायकल तयार झाली. तिकडे या खेळाला 'ट्रियालसिन' म्हणू लागले. स्पॅनिशमध्ये 'सिन' म्हणजे 'विना', म्हणजे विनाइंजिनाची ट्रायल. ओट पी पुढे जगज्जेता झाला. आपल्याकडच्या मुलांना मात्र हे वेड लावलं ते डॅनी मॅकॅस्किल या स्कॉटिश तरुणाने. एडिंबरोच्या एका सायकल दुकानात मेकॅनिक असलेल्या या पोराची चित्रफीत २००९ च्या एप्रिलमध्ये इंटरनेटवर आली. लोखंडी कुंपणाच्या टोकांवरून सायकल चालवताना त्याला जगाने पाहिलं, आणि काही वर्षांनी आमच्या भाच्याने.

असो. मी गोकाकला गेलो तो सायकल परत आणायलाच. पण आधी ती नीट पाहिली. जर्मनीहून परतलेल्या पुण्याच्या एका इंजिनिअरकडून मी ती जुनी म्हणून घेतली होती. पुढचं चाक वीस इंची, मागचं त्याहून थोडं लहान पण जाड टायरचं. आणि पोरगा का पडला ते पाचव्या मिनिटाला कळलं.

आपल्या सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. स्कूटर-मोटारसायकललाही तसाच. जर्मनीत आणि युरोपात बहुतेक ठिकाणी उलट, पुढचा ब्रेक डाव्या हाताला. पोराने घाबरून मागचा म्हणून डावा दाबला, पुढचं चाक जागीच थिजलं आणि तो हँडलवरून पलीकडे गेला. त्यात भर म्हणजे त्या पुढच्या रिंगच्या दोन्ही बाजू ग्राइंडरने ओरखडलेल्या होत्या. ट्रायल्सवाले हे मुद्दाम करतात. गुळगुळीत अॅल्युमिनियमवर बारीक चरे पाडले की ब्रेकचं रबर त्यात रुततं आणि चाक खिळल्यासारखं थांबतं. मागच्या चाकाला हे हवंच, कारण मागच्या एका चाकावर उभं राहून उडी मारताना ते केसभरही सरकून चालत नाही. पुढच्या चाकाचं काम निराळं आहे. त्याला कधी धरून ठेवायचं असतं, कधी अर्धवट सोडायचं असतं. भाच्याचा बाप ते दोन कानडी शब्दांत सांगतो : हिडी आणि बिडू. धर आणि सोड. जो पुढचा ब्रेक फक्त धरतो आणि सोडताना हट्ट करतो, तो शिकणाऱ्या पोरासाठी चुकीचा, मग तो कितीही महाग असो.

आता माझी चूक सांगतो. पुढचा ब्रेक तेलावर चालणारा होता, जर्मनीतल्या बाड उराख गावच्या मागुरा कंपनीचा. हायड्रॉलिक रिम ब्रेक म्हणजे या खेळात मागुरा, इतकं ते नाव रुळलेलं. १८९३ पासूनची कंपनी, आणि तेलावरचे रिम ब्रेक ती १९८७ पासून बनवते. यात लिव्हर दाबला की नळीतून तेल ढकललं जातं आणि रिंगच्या दोन्ही बाजूंनी दोन दट्टे आत येतात. सायकल हातात आली तेव्हा लिव्हर मऊ लागत होता. मी शहाणपणा करून त्यात मोटारीचं ब्रेक ऑइल भरून घेतलं होतं. या ब्रेकला खनिज तेल लागतं. मोटारीच्या तेलाने आतली रबरी सीलं फुगतात. लिव्हर दाबला की दट्टे आत जायचे आणि परत यायला वेळ लावायचे. म्हणजे 'बिडू' म्हटलं तरी ब्रेक ऐकत नव्हता. डावा-उजवा घोळ पुण्याहून आला होता, हा दोष मात्र सरळ माझ्या पदरी.

बहिणीला हे सांगितलं. ती गप्प बसली. अज्जींनी एक अट घातली : पुढचा ब्रेक बदलून, त्यांच्यासमोर दाखवून, मगच पोरगा चढेल.

मग ब्रेक निवडायला बसलो. पहिला प्रश्न आवडीचा नसतो, चिमट्याचा असतो. पुढच्या चिमट्यावर काय बसवायची सोय आहे ते बघा. आमच्या चिमट्याला दोन बाजूंना दोन खुंट्या होत्या. त्यावर सरळ व्ही-ब्रेक बसतो, आणि जोडपट्टी लावून मागुराही. डिस्क ब्रेकसाठीची बैठक नव्हती, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. वाईट वाटलं नाही. रिंगवर ब्रेक दाबण्यात एक साधा फायदा आहे. वीस इंची चाकाच्या रिंगचा व्यास ४०६ मिलिमीटर, म्हणजे ब्रेक मधल्या आसापासून जवळजवळ २०० मिलिमीटरवर पकडतो. १६० मिलिमीटरच्या डिस्कवर तोच ब्रेक ८० च्याही आत पकडतो. रहाटाचा दांडा लांब असला की पाणी सहज वर येतं, तसंच हे. डिस्कला तेच चाक धरायला अडीच पटीहून जास्त जोर लावावा लागतो. पावसात आणि चिखलात डिस्क सरस ठरते, ते खरंच. रिंग मात्र जमिनीच्या जवळ, डबक्यात बुडणारी.

राहिले दोन. नवा तेलाचा ब्रेक घेतला असता तर दाबायला हलका आणि पकडीला जबर मिळाला असता. पण पोरगा दिवसातून वीस वेळा पडणार. नळी एकदा खडकावर चिरली की तेल बाहेर, हवा आत, आणि गोकाकमध्ये ती हवा काढून देणारं कोणी सापडेना. व्ही-ब्रेक हा तारेवर चालणारा. शिमानोने १९९६ साली तो बाजारात आणला आणि थोड्याच वर्षांत डोंगरी सायकलींवर तोच दिसू लागला. दोन उभे हात, वरून एक तार त्यांना एकमेकांकडे ओढते. तार तुटली तर कोणत्याही सायकल दुकानात नवी मिळते. चांगली जोडी साधारण हजार-दीड हजारात येते. तेलाच्या ब्रेकला याच्या कित्येक पट पडतात. जगभर बरेच ट्रायल्सवाले मागे मागुरा आणि पुढे व्ही-ब्रेक अशीच मांडणी ठेवतात, ती काही पैशांसाठी नव्हे. तारेतून चाक बोटाला कळतं. मी व्ही-ब्रेकच घेतला.

घेताना एक गोष्ट मात्र दुकानदाराला नक्की विचारा. व्ही-ब्रेकला तार जास्त ओढणारा लिव्हर लागतो. जुन्या कॅलिपर ब्रेकचा लिव्हर त्यावर जोडला तर हात हँडलला टेकतो आणि ब्रेक अर्धवटच लागतो. लिव्हर पकडमुठीपासून थोडा आत सरकवून बसवावा, म्हणजे एकच बोट त्याच्या टोकावर येतं आणि बाकीची बोटं हँडल सोडत नाहीत. पोराचा पंजा लहान असेल तर लिव्हर जवळ आणायचा स्क्रू असलेलाच घ्यावा.

रिंग तर बदलावीच लागली. इतकी घासली होती की बाजूला बोट फिरवलं तर खोलगट लागत होती. अशी रिंग हवा भरताना फाटते. नवी दुपदरी अॅल्युमिनियमची घेतली आणि तिला ग्राइंडर लावू दिला नाही. आपल्या जुन्या सायकलींच्या क्रोमच्या लोखंडी रिंगा पावसात किती निसरड्या होतात, ते रॉड ब्रेकची सायकल चालवलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. तसली रिंग असेल तर ब्रेकवर पैसे घालण्याआधी ती काढा. रबरं मी कूल-स्टॉपची तांबूस घेतली, ती ओल्यात बरी धरतात. रबर टायरला लागू नये, रिंगवर सपाट बसावं आणि दोन्ही बाजूंना मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट राहावी, एवढं पाहिलं.

जोरात दाबलं की चिमट्याच्या खुंट्या बाहेर फाकतात, ही व्ही-ब्रेकची खोड. त्यावर घोड्याच्या नालासारखी एक पट्टी लावतात. बाहेरून मागवायची ती इथे उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये पाच मिलिमीटर अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून कापून घेतली. बेळगावात राहण्याचे काही फायदे आहेत. कापणाऱ्याने पैसे घेतले नाहीत, पण ही कशाला लागते ते अर्धा तास विचारून घेतलं.

शेवटी पुढच्या ब्रेकची तार उजव्या लिव्हरला जोडली. मागच्या मागुराची नळी डाव्या बाजूला नेताना थोडी कमी पडली, तेव्हा तो ब्रेक उघडून पुन्हा भरावा लागला. या वेळी खनिज तेलाने, बाटलीवरचं नाव दोनदा वाचून.

गोकाकला अंगणात चाचणी झाली. अज्जी खुर्ची टाकून बसल्या. आधी पोराला सायकलवर चढू न देता नुसतं ढकलत चालायला लावलं आणि त्या म्हणतील तेव्हा पुढचा ब्रेक दाबायचा. "हिडी!" चाक थांबलं. "बिडू!" सुटलं. असं दहा-बारा वेळा. मग त्यांनी स्वतः उठून एका बोटाने लिव्हर दाबून पाहिला, आणि बहिणीकडे बघून म्हणाल्या, की माझ्या बोटाने लागतो म्हणजे पोराच्याने लागेल.

आता रविवारी तो राजहंसगडाच्या पायथ्याच्या खडकांवर येतो, बापाच्या मोटारसायकलमागे सायकल बांधून. पुढच्या ब्रेकची तार मी दोन महिन्यांनी बदलतो, तुटायची वाट न पाहता. हनुवटीवरचा व्रण अजून दिसतो. परवा त्याने विचारलं, "मामा, पुढच्या रिंगला थोडंसं ग्राइंडर मारू या का? फक्त थोडंसं." मी म्हटलं, अज्जीला विचार.