सेव्ह केलं, पण नेमकं काय?

सर्किट काढायचं नवं सॉफ्टवेअर हाती आलं की लोक आधी विचारतात, थ्री-डी चित्र दिसतं का, ट्रॅक आपोआप टाकतं का. मी एक रेझिस्टर ठेवतो, कंट्रोल-एस दाबतो आणि फोल्डर उघडून बघतो, की कुठल्या कुठल्या फायलींची वेळ बदलली. घरात या छंदाची यथेच्छ टिंगल होते, पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने वापरणाऱ्याचा किती विचार केलाय हे मला तरी तिथेच सगळ्यात आधी कळतं.

पत्र लिहिलं आणि सेव्ह केलं, तर एक फाइल तयार होते आणि विषय संपतो. सर्किटचं तसं नसतं. कोणता भाग कोणाला जोडलाय हे दाखवणारं शिमॅटिक वेगळं. तेच भाग प्रत्यक्ष कुठे बसणार आणि तांब्याचे ट्रॅक कुठून जाणार, ते सांगणारा पीसीबीचा आराखडा वेगळा. चिन्हांची आणि फूटप्रिंटची लायब्ररी तिसरीच, आणि ती तुमच्या दहा प्रोजेक्टमध्ये सामाईक. सिम्युलेशनसाठी नेटलिस्ट आणि कारखान्याला पाठवायला गर्बर फायली, या पुन्हा निराळ्या. एवढ्या पसाऱ्यात माणूस 'सेव्ह' दाबतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं आणि यंत्र काय करतं, यांत अंतर पडणारच.

इतिहास थोडक्यात उरकतो. बर्कलेच्या लॅरी नेगल यांचं स्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर १९७३ साली जगापुढे आलं. तेव्हा सर्किट पंचकार्डांवर असे, म्हणजे कार्डांचा गठ्ठा रबरबँड लावून कपाटात ठेवला की झालं सेव्ह. पुढे १९८५च्या सुमारास पीसीवर ऑरकॅड आणि प्रोटेल आली. १९९२ साली फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी कीकॅड सुरू केलं आणि २०१३पासून 'सर्न' या युरोपातल्या संशोधन संस्थेने त्याला हात दिला. आज ते फुकट आहे, खुलं आहे, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही वापरलं जातं.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण सोडलं की डाळज लागतं. एक, दोन आणि तीन अशा नंबरांची डाळजं आहेत. एका बाजूला उजनीचं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि पाण्याच्या काठाने पंपच पंप. पाणी मागे सरकलं की पंपही मागोमाग न्यायचे. अशा मुलखात मोटार रिवाइंडिंग आणि स्टार्टर दुरुस्तीच्या दुकानांना मरण नाही. त्यातल्या एका दुकानात मी अधूनमधून जाऊन बसतो. मालकांचा पुतण्या बारामतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आणि सुट्टीत दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कीकॅडमध्ये ऑटो स्विचचं स्वतःचं सर्किट काढतो.

ऑटो स्विच माहीत नसलेल्या शहरी वाचकांसाठी सांगतो. पंपाच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज जाते, कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि त्याचाच एक छोटा कॉन्टॅक्ट त्या बटणाची जागा घेतो. बोट काढलं तरी मोटार चालू राहते. लाईट गेली की कॉइल सुटते आणि सगळं उघडतं. लाईट परत आली तरी मोटार बंदच. आपण चालू होतो हे स्टार्टर विसरलेला असतो, आणि हे विसरणं मुद्दाम ठेवलेलं आहे. मोटारीत हात घालून बसलेल्या माणसाच्या अंगावर ती अचानक सुरू होऊ नये, हा त्यातला हेतू.

पण शेतीची थ्री-फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. "रात्री दोनला लाईट आली तर काठाला कोण जाणार, सर? बिबट्या फिरतोय," मालक म्हणाले. म्हणून ऑटो स्विच. तो तिन्ही फेज आल्याची खात्री करतो, थोडा वेळ थांबतो आणि आपणहून मोटार चालू करतो. शेतकऱ्याची झोप वाचते. मात्र एका डीपीवरचे सगळे पंप लाईट आल्या आल्या एकदम उठले तर ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. म्हणूनच महावितरण वारंवार आवाहन करतं, की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा.

सेव्हची अडचण मला इथे जशी कळली तशी कुठल्या पुस्तकात कळली नाही. आपण एकाच बटणाकडून दोन वेगळी कामं मागतो. पहिलं, माझं काम बुडू देऊ नकोस. दुसरं, हे पक्कं झालं, आता बाकीच्यांनी याच्यावर विसंबावं. पहिलं काम यंत्राने न विचारता करावं. तिथे ऑटो स्विच हवाच. दुसऱ्यासाठी मात्र माणसाने स्वतः हिरवं बटण दाबलं पाहिजे.

पहिल्या कामात आता बरीच सुधारणा आहे. डिसेंबर २०२१मध्ये आलेल्या कीकॅड ६पासून प्रोजेक्टच्या झिप केलेल्या प्रती आपोआप एका वेगळ्या बॅकअप फोल्डरमध्ये साठतात. दुकानातल्या कॉम्प्युटरला यूपीएस नाही. लाईट जाते तेव्हा पोरगा उठून चहा आणायला जातो, एवढा त्याचा भरवसा. ब्राउझरवर चालणारं पॉल फॉलस्टॅड यांचं सिम्युलेटर तर त्याहून मजेशीर आहे. त्यात अख्खं सर्किट एका लिंकमध्ये मावतं. लिंक मित्राला पाठवली की सर्किट पोचलं.

दुसरं काम अवघड. पुतण्याने मला करून दाखवलं. शिमॅटिकमध्ये रिले बदलून मोठा घेतला, सेव्ह केलं, टायटलवरची 'सेव्ह बाकी'ची खूण गेली. शेजारच्या खिडकीत पीसीबी उघडा होता, तिथे जुनाच रिले. बदल पलीकडे न्यायला एफ-८ दाबावं लागतं. मग काय काय बदलणार याची यादी समोर येते, आणि आपण हो म्हटलं की रिले बदलतो. "एवढं कशाला? आपोआप का नाही?" मालकांनी विचारलं. माझ्या मते आपोआप नसलेलंच बरं. तासन्‌तास बसवलेले ट्रॅक शिमॅटिकमधल्या अर्धवट प्रयोगाने हलू नयेत. चुकतं ते एवढंच, की पीसीबीच्या खिडकीत 'शिमॅटिक पुढे गेलंय' अशी ठळक पाटी नसते. सेव्ह झालेल्या दोन फायली एकमेकींशी जुळत नाहीत, हे नवशिक्याला कोण सांगणार?

लायब्ररीचं हेच, पण जास्त नाजूक. चिन्ह चित्रात बदलायचं की मूळ लायब्ररीत? लायब्ररीतला बदल जर न विचारता दहा प्रोजेक्टमध्ये उतरला, तर तो डीपीवरचे सगळे पंप एकदम उठवण्याचाच प्रकार होईल. कीकॅड ६पासून वापरलेल्या चिन्हांची प्रत शिमॅटिकच्या फाइलमध्येच ठेवली जाते. लायब्ररी बदलली तरी जुनं चित्र जागचं हलत नाही. नवं हवं असेल तर तुम्ही सांगायचं. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

आणि सिम्युलेशन! आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम (मोबाइलच्या ई-सिमशी याचा संबंध नाही; पूर्वी याला ऑस्कॅड म्हणत) कीकॅड आणि एनजी-स्पाइस यांना जोडून बनवलंय. त्यात शिमॅटिक काढायचं, सेव्ह करायचं, नेटलिस्ट काढायची, ती एनजी-स्पाइसच्या रूपात बदलून घ्यायची आणि मग सिम्युलेशन. शिकायला ही वाट फार चांगली, कारण आत काय चाललंय ते दिसतं. पण रेझिस्टर एक किलोओहमचा दहा केला, सेव्ह केलं आणि मधल्या पायऱ्या गाळल्या, तर आलेख जुन्याच रेझिस्टरचा येतो. आलेख सुरेख असतो, त्याखाली 'जुना' असं कुठे लिहिलेलं नसतं. काम बुडालं की माणूस चरफडतो, पण सावध होतो. शिळं उत्तर ताजं म्हणून समोर आलं तर सावध होण्याचं कारणच उरत नाही. म्हणून माझ्या लेखी सेव्हच्या शत्रूंमध्ये लोडशेडिंगचा नंबर दुसरा.

तेव्हा घरबसल्या पीसीबी बनवून घेणाऱ्यांना एक विनंती. बोर्डवर सिल्कस्क्रीनमध्ये आवृत्तीचा नंबर आणि तारीख टाका. एफ-८ एकदा दाबून यादी रिकामी येते ना ते पाहा, गर्बर दर वेळी नव्याने काढा आणि गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडून त्यावरची तारीख वाचा. त्यानंतरच झिप पाठवा. कीकॅड आणि ई-सिम दोन्ही खुली आहेत. सेव्ह करताना जिथे गोंधळ झाला तिथला स्क्रीनशॉट काढून बनवणाऱ्यांना कळवा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं.