वर्गणी येथे, वर्गणीदार परदेशी

रत्नागिरी हा मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा, असे एकेकाळी म्हटले जाई. ती मनीऑर्डर प्रथम मुंबईहून येई. पुढे कुवेत, सौदी अरेबिया, दुबई येथून पैसा येऊ लागला, आणि जहाजांवरील खलाशी तर आमच्या बंदरांतून पिढ्यान्‌पिढ्या जातच आले आहेत. या प्रवाशांत आता मुलाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहावयास जाणाऱ्या निवृत्त शिक्षकांची आणि कारकुनांची भर पडली आहे. या सर्वांची एक तक्रार समान असते. वर्षाची वर्गणी येथे भरलेली, खाते तेच, फोनही तोच. पण परक्या भूमीवर पाऊल ठेवले की काही सेवा दारच बंद करतात, तर काही आतला माल बदलतात. मराठी मालिका लावावी, तर 'हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही' अशी पाटी पुढे येते. मग घरातील एखादा जाणता भाचा व्हीपीएनची मात्रा सुचवतो.

ही मात्रा म्हणजे काय? इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो आणि त्यावरून ते कोणत्या देशात आहे हे बहुधा कळते. व्हीपीएन आपली सारी वाहतूक कुलूपबंद करून आधी दुसऱ्या एखाद्या देशातील संगणकाकडे नेते आणि तेथून पुढे पाठवते. चित्रपट दाखवणाऱ्या कंपनीला दिसतो तो या मधल्या संगणकाचा पत्ता. कचेरीबाहेर असताना कचेरीच्या कामात सुरक्षितपणे शिरता यावे, हा या साधनाचा सरळ उपयोग आजही आहेच.

परंतु मुळात दार बंद का होते? येथील हापूसची पेटी दुबईत महाग विकली जाते. हा फरक वाहतूक, जकात आणि नासाडी यांच्या खर्चापेक्षा फार वाढला, तर कोणी व्यापारी येथे घेऊन तेथे विकतो आणि फरक पुन्हा आटोक्यात येतो. चित्रपटाला वाहतूकखर्च जवळजवळ नाहीच. त्यामुळे दोन देशांत दोन दर ठेवायचे तर मध्ये भिंत बांधावीच लागते. आर्थर पिगू यांनी १९२० साली मूल्यभेदाचे जे विवेचन केले, त्यातील ही अटच आहे: स्वस्त बाजारातील माल महाग बाजारात जाता कामा नये. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील मोबाइलपुरती वर्गणी महिना १९९ रुपयांवरून १४९ रुपयांवर आणली. याचे दोन डॉलरही होत नाहीत. भिंत सर्वस्वी पाडा असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ती पडल्यावर दर खाली येतीलच असे नाही. ते न्यू जर्सीच्या पातळीकडे सरकतील आणि त्याचा भार येथील विद्यार्थ्यावर पडेल.

दुसरे कारण हक्कांच्या वाटणीचे. निर्माता एका प्रदेशाचे हक्क एकाला, दुसऱ्याचे दुसऱ्याला विकतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ तर असे सांगते की, करारात प्रदेशाचा उल्लेख नसेल तर हस्तांतर भारतापुरतेच मानावे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर देशोदेशी एकदम दिसला, कारण ते हक्क तसे घेतले गेले होते. असे भाग्य सर्वच मराठी कृतींना लाभत नाही.

भिंत मान्य केली, तरी दोन माणसांत भेद करावाच लागेल. एक कायमचा परदेशस्थ. कमाई डॉलरमध्ये करून भारतीय दर मिळावा म्हणून तो भारतीय असल्याचे सोंग आणतो. त्याच्याविषयी मला फारशी सहानुभूती नाही. दुसरा, येथील दर येथे भरून काही काळ बाहेर गेलेला. त्याने कोणाचे काय बुडवले? युरोपीय संघाने या दुसऱ्यासाठी नियम केला आणि तो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. संघातील एका देशातील वर्गणीदार तात्पुरता दुसऱ्या सदस्य देशात गेला, तर त्याला घरचेच कार्यक्रम, जादा आकार न घेता, दाखवणे सशुल्क सेवांवर बंधनकारक आहे.

आपल्याकडे असा नियम नाही, आणि आडवाट बिनधोक नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्हेविषयक कायद्यानुसार, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी खोटा इंटरनेट-पत्ता वापरल्यास कैद किंवा पाच लाख ते वीस लाख दिरहॅम दंड होऊ शकतो. व्हीपीएन वापरणे हाच तेथे गुन्हा नव्हे, हे खरे. पण परमुलखात पोट भरणाऱ्याने मालिकेसाठी कायद्याचा कीस काढत बसावे काय? आपल्याही कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. शिवाय फुकटच्या व्हीपीएनची किंमत निराळ्या नाण्यात मोजली जाते. फेसबुकच्या मालकीचे 'ओनाव्हो' सुरक्षिततेची ग्वाही देत लोकांच्या वापराची माहिती मालकाला पुरवीत होते. ते २०१९ मध्ये बंद झाले.

देशाबाहेर आपला कायदा चालत नाही, ही सबब येथे अपुरी आहे. वर्गणी भारतात घेतली जाते, कंपनी भारतात धंदा करते. विक्रीची अट घालण्यास तेवढे पुरे. परदेशी हक्क आधीच विकले गेले असतील तेथे अडचण येईल, म्हणून तात्पुरत्या प्रवासातील पाहणे हे भारतातीलच पाहणे मानावे, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात करावी आणि परस्परतेसाठी पहिली बोलणी आखाती देशांशी व्हावीत. वर्गणीदार खरोखर येथलाच आहे का, हे तपासणेही अवघड नाही. त्याचा भारतीय फोन क्रमांक आणि पैसे भरल्याचा तपशील कंपनीकडे बहुधा पहिल्या दिवसापासून असतो. युरोपातही देयकाचा तपशील हा पडताळणीचा एक मान्य मार्ग आहे.