हायड्रॉलिक ट्रॉली शिकताना घ्यावयाची काळजी

शेणखत, तळ्यातील गाळ किंवा मुरूम वाहण्यासाठी हायड्रॉलिक ट्रॉली फार सोयीची आहे. लिव्हर ओढला की हौदा उचलला जातो, त्यामुळे ती चालविणे सोपे वाटते. परंतु उचललेले वजन कशावर उभे आहे, हे आधी समजून घ्यावे.

पंपामुळे तेलावर दाब येतो व तो जॅकच्या दट्ट्यावर सर्वत्र सारखा पडतो. दट्ट्याचा व्यास 10 सें.मी. असल्यास क्षेत्रफळ सुमारे 78 चौ.सें.मी. भरते. दर चौ.सें.मी.ला 150 किलो दाब मिळाला, तर 11 टनांहून अधिक जोर तयार होतो. म्हणजे सर्व भार केवळ कोंडलेल्या तेलावर तोललेला असतो. नळी फुटली किंवा लिव्हरला चुकून धक्का लागला, तर हौदा खाली येतो. म्हणून ग्रीस भरण्यासाठीसुद्धा रिकामा हौदा लोखंडी टेकूवर पक्का बसविल्याशिवाय खाली जाऊ नये. दगड-विटांचा टेकू चालत नाही.

नवीन चालकाने पुढील गोष्टी पाळाव्यात.

1) प्रथम रिकाम्या ट्रॉलीवर सराव करावा. हौदा सावकाश उचलावा व सावकाश उतरवावा.

2) जागा सपाट व टणक पाहावी. दोन चाकांत दीड मीटर अंतर असताना एक चाक 10 सें.मी. खाली असेल, तर 3 मीटर उंचीवरचे टोक 20 सें.मी. बाजूला जाते. एवढ्यानेही भरलेली ट्रॉली कलंडू शकते.

3) उचलण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहावे. मागचा फाळका आधी उघडावा.

4) ओले खत हौद्याला चिकटून वरच अडकल्यास ट्रॅक्टरला हिसके देऊ नयेत. हौदा उतरवून खत फावड्याने मोकळे करावे.

5) हौदा पूर्ण खाली बसल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नये. उतरवताना मुले व मजूर दूर असावेत.

6) नळीची गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. बारीक छिद्रातून उडणारे तेल कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी ताबडतोब दवाखान्यात जावे.

घरातील मुलाला लिव्हर दाखविण्यापूर्वी टेकू कोठे व कसा लावायचा, हे त्याच्याकडून करवून घ्यावे. ट्रॉलीला टेकू नसेल, तर गावातील फॅब्रिकेशनवाल्याकडून हंगामापूर्वीच मजबूत टेकू बसवून घ्यावा.