वहीतलं जाफना

घरात एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आहे. मुळात ती वाण्याच्या हिशेबासाठी आणली होती. २००६ पासून तिच्यात श्रीलंकेच्या सहली आखल्या गेल्या. झालेल्या तीन, न झालेल्या कितीतरी. परवा कपाट आवरताना ती हाती लागली आणि आवराआवर तिथेच थांबली. प्रत्येक आराखड्यात एक नाव होतं आणि शेवटचा सोडला तर प्रत्येक आराखड्यात त्या नावावर काट होती: जाफना.

पहिलं पान जानेवारी २००६ चं. फेब्रुवारीत जायचं, सहा रात्री, आणि वहीत ठिकाणं आठ! नेगोम्बो, अनुराधपुर, सिगिरिया, दांबुल्ला, कॅंडी, नुवारा एलिया, गॉल, कोलंबो. त्यांच्याही वर, कोपऱ्यात, नवऱ्याच्या अक्षरात जाफना. नकाशा भिंतीला टाचलेला आणि नवरा दोऱ्याने अंतरं मोजतोय, हे दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. देश ६५,६१० चौरस किलोमीटरचा, आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित मोठा. "अख्खा देश म्हणजे आपलं विदर्भही नाही, आठवड्यात होईल," असं त्याने जाहीर केलं. दोऱ्याने चूक केली नव्हती. दोरा घाट चढत नाही, एवढंच.

जाफन्यावरची पहिली काट मात्र अंतराची नव्हती. २००२ च्या युद्धबंदीनंतर कॅंडीहून उत्तरेला जाणारा ए-९ हा हमरस्ता उघडला होता. पण वाटेत ओमन्थईला सरकारी चौकी, तिच्यापुढे तमिळ वाघांच्या ताब्यातला मुलूख आणि त्यांची वेगळी नोंदणी, मग मुहमालईला पुन्हा सरकार. एका देशात दोन सीमा. फोनवर ठरवलेल्या चालकाला विचारलं, तर तो म्हणाला की मी चाळीस वर्षांचा आहे आणि मी स्वतः अजून जाफना पाहिलेलं नाही. आम्ही मुकाट्याने नाव खोडलं. त्याच ऑगस्टात तो रस्ता बंद झाला, तो २००९ मध्ये युद्ध संपेपर्यंत.

या चालकाला आम्ही दुसऱ्या दिवसापासून 'अय्या' म्हणू लागलो, म्हणजे दादा. त्याने पहिल्याच सकाळी वही मागून घेतली, चाळली आणि काही न बोलता परत दिली. तो का बोलला नाही, ते कॅंडी ते नुवारा एलियाच्या रस्त्यावर कळलं. अंतर ७७ किलोमीटर. आम्ही दीड तास धरला होता. रांबोडाची वळणं, चहाच्या मळ्यांच्या पायऱ्या, समोरून अंगावर येणाऱ्या लाल बसगाड्या, आणि महाबळेश्वराहून पाचशेएक मीटर उंच चढायचं. तीन तास लागले, वर चहाच्या कारखान्यात थांबलो तो वेळ वेगळा. तेव्हापासून वहीतलं किलोमीटरचं खातं बंद झालं. श्रीलंकेत द्रुतगती मार्ग सोडून बहुतेक रस्त्यांवर ताशी तीस-पस्तीस धरावेत आणि डोंगरात त्याहून कमी. हे अय्याने सांगितलेलं एकमेव गणित. ते आम्ही पुढे कुणालाही फुकट वाटत असतो.

दुसरी चूक घड्याळाची. आपल्याकडे मे महिन्यात सात वाजले तरी उजेड रेंगाळतो, त्यामुळे "संध्याकाळी बघू" हे आपलं लाडकं वाक्य. तिथे, विषुववृत्तापासून सहा ते दहा अंशांच्या आत, बाराही महिने सहा-साडेसहाला सूर्य जातो आणि मागे काही ठेवत नाही. संध्याकाळ हा प्रकारच नसतो म्हणा ना. सिगिरिया आम्ही दुपारी बाराला चढलो, कारण सकाळ दांबुल्लाच्या लेण्यांना दिली होती. हजार-बाराशे पायऱ्या, तापलेला खडक, आणि पाचव्या शतकातल्या कश्यप राजाबद्दल मनात अजिबात आदर नाही. उतरलो, हबरणच्या दिशेने निघालो, तोवर अंधार. त्या पट्ट्यात रात्री हत्ती रस्त्यावर असतात, म्हणून अय्याने गाडी वीसच्या वर नेली नाही. हत्ती दिसला नाही. त्याची विष्ठा दिसली, ताजी.

गॉलच्या रस्त्यावर आम्ही फारसं बोललो नाही. त्सुनामीला १४ महिने झाले होते. समुद्राच्या बाजूला कित्येक ठिकाणी घरांचे नुसते चौथरे आणि अर्ध्या भिंती होत्या, मधूनच एखादं नवं कोरं निळं दार. पेरालियाजवळ अय्याने गाडी हळू केली. तिथे लाटेने आगगाडी उलटली होती, हजाराहून अधिक माणसं त्या एका गाडीत गेली. वहीत त्या दिवसासमोर फक्त "गॉल, किल्ला" असं लिहिलेलं आहे.

२०१४ ची पानं पाहिली की हसू येतं. अक्षर छोटं झालंय आणि आत्मविश्वास मोठा. व्हिसाची परवानगी आता घरबसल्या संगणकावर, खोल्या फोटो बघून. शिवाय दक्षिणेचा द्रुतगती मार्ग २०११ मध्ये गॉलपर्यंत झालेला आणि विमानतळाहून कोलंबोला जाणारा २०१३ मध्ये. गॉलला पूर्वी तीन तास खाणारा रस्ता आता तासा-सव्वातासात संपत होता. अय्याच्या गाडीला तिथे कसं शंभरच्या वेगाने उडायला मिळतं, याचं त्यालाच अप्रूप होतं. रिक्षा आणि दुचाकींना त्या रस्त्यावर मज्जाव. त्यामुळे तो म्हणे, "इथे गाडी चालवताना मला एकटं वाटतं."

त्या वर्षी मात्र आखणीत एक खरी अक्कल आली, आणि ती पावसाची. आपल्याला पावसाळा एकच ठाऊक. त्या एवढ्याशा बेटाला दोन आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो कोलंबो, गॉल आणि डोंगर भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो उत्तर आणि पूर्व किनाऱ्याला. म्हणजे या दोन्ही पावसांत बेटाची एक बाजू बहुधा कोरडी असते. फक्त ती कुठली, हे आधी ठरवावं लागतं. पुण्या-मुंबईची मंडळी शाळेच्या सुट्टीत, मे महिन्यात जातात आणि गॉलच्या किनाऱ्यावर छत्री धरून परत येतात, त्याचं कारण इतकं साधं आहे. आम्ही ऑगस्टात गेलो, म्हणून पूर्व किनारा घेतला: त्रिंकोमाली ते बट्टिकलोवा. ज्या खाड्यांवर पूर्वी तराफ्यांसाठी ताटकळावं लागे तिथे आता पूल. किन्नियाचा २००९ मध्ये झालेला, पाण्यावरून सुसाट जाणारा. त्यावरून जाताना मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मारुतीला हे आधी बांधून दिलं असतं तर रामायण अर्ध्यात संपलं असतं."

मग जाफना का राहिलं? युद्ध नव्हतं, चौकी नव्हती. अडवलं ते आमच्याच हावरेपणाने. कॅंडीत त्या ऑगस्टाच्या सुरुवातीला एसल पेरहेरा होता, बुद्धाच्या दंतधातूच्या मिरवणुकीचा सोहळा. आम्हाला तो बघायचा होता, पण तारीख चांद्रमासाने ठरते हे लक्षात घेतलं नव्हतं. गावात खोली नाही, असलीच तर तिप्पट भाव, संध्याकाळी रस्ते बंद. एका रात्रीच्या तीन रात्री झाल्या. मिरवणूक मात्र अशी की त्या तीन रात्रींचा हिशेब मी आजही मागत नाही: सजवलेले हत्ती, मशाली, खोबऱ्याच्या तेलाचा वास आणि तासन्‌तास फुटपाथवर बसून राहिलेली आजीबाई-नातवंडं. पण वहीत उत्तरेकडच्या दोन दिवसांवर काट पडली. ऑक्टोबरात जाफन्याची आगगाडी पुन्हा सुरू झाल्याची बातमी वाचली तेव्हा नवऱ्याने मला ती मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा.

पौर्णिमेचंही तेव्हाच कळलं. तिथे दर पौर्णिमा 'पोया', सार्वजनिक सुट्टी. दारूची दुकानं बंद, देवळांत तुडुंब गर्दी, बाकी सामसूम. पोयाचा दिवस आखणीत कुठे पडतो ते आधी बघावं. आमचा पडला होता बट्टिकलोवाला, आणि नवरा थंड बिअरच्या जागी थंबिली, म्हणजे केशरी शहाळं, समुद्राकडे तोंड करून प्यायला. फारच शांत होता.

मधली पानं मी उलटतच गेले. एप्रिल २०१९ चा आराखडा आहे. सहल मे महिन्याची, म्हणून शहाण्यासारखा फक्त उत्तर आणि पूर्व. तिकिटं काढलेली. २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेहून जास्त माणसं गेली. अय्याला फोन केला तर तो नेगोम्बोचा, तिथल्या चर्चमध्येही स्फोट झाला होता. त्याचं घर वाचलं होतं. गल्ली नव्हे. सहलीचा विषय दोघांनीही काढला नाही. मग २०२० मध्ये विमानतळच बंद. त्या पानावर धाकट्याने एक मुखपट्टी घातलेला हत्ती काढून ठेवला आहे.

२०२२ चं पान तर अगदी अजब. त्यावर मार्ग नाहीच, लिटर आहेत. जूनच्या अखेरीस सरकारने अत्यावश्यक सेवांखेरीज इंधनविक्रीच थांबवली होती. पुढे क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा आला: मोटारीला २० लिटर, रिक्षेला ५, दुचाकीला ४. वीस लिटरमध्ये जाफना बसतं का, असा प्रश्न नवऱ्याने वहीत विचारला आहे आणि खाली स्वतःच उत्तर दिलंय: "जायला बसतं. यायला नाही." पर्यटकांच्या गाड्यांसाठी नंतर वेगळी सोय झाली. पण अय्याने त्या दिवसांत पंपावरच्या रांगेचा फोटो पाठवला होता. रस्त्याच्या वळणाआड गेलेली रांग, आणि खाली एक ओळ, की दोन दिवस झाले, मी गाडीतच झोपतो. त्या देशात मजेने फिरायचा कोटा मागायची हिंमत आम्हाला झाली नाही. आपल्या एका रुपयाला २०१४ मध्ये तिकडचे दोन-सव्वादोन रुपये मिळत, २०२४ मध्ये पावणेचारच्या आसपास. आमच्यासाठी देश स्वस्त झाला, असं म्हणायला जीभ वळत नाही. सोन्याची लंका वगैरे शब्द तर मी तेव्हापासून वापरलेच नाहीत.

फेब्रुवारी २०२४. नऊ रात्री, मुक्काम फक्त चार. गाडी स्वतः चालवायची का, यावर घरात वाद झाला. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, चक्र उजवीकडे, मग अडचण काय, असं धाकट्याचं म्हणणं. पण आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे तेव्हा नुसता चालत नसे, तो कोलंबोला ऑटोमोबाइल असोसिएशनकडे नेऊन मान्य करून घ्यावा लागे. आमचं विमान शुक्रवारी रात्री उतरत होतं. म्हणजे सोमवारपर्यंत गाडी दारात उभी. शिवाय अय्या अजून गाडी चालवतो हे कळल्यावर वाद आपोआप मिटला. केस पिकलेले, गाडी तीच जुनी.

अनुराधपुरला दोन रात्री काढून सकाळी सातला निघालो. मेदवच्छिया, ववुनिया, आणि मग ओमन्थई. अय्याने वेग कमी केला, बोट दाखवलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, रस्ता सरळ होता. किलिनोच्ची. एलिफंट पासला दोन्ही बाजूंना उथळ चकाकतं पाणी, मिठागरं, युद्धाचं स्मारक आणि बगळे. नंतर माती लाल झाली, नारळ संपले, ताडगोळ्याची झाडं सुरू झाली आणि पाट्यांवर तमिळ वर गेली. वहीत साडेतीन तास लिहिले होते, दहा मिनिटं जास्त लागली. अठरा वर्षांत आमचं एवढं बरोबर कधी आलं नव्हतं.

जाफन्याला एक रात्र ठेवली होती, "पुरेल" असं शेजारी लिहून. दुपारी सार्वजनिक ग्रंथालयात गेलो, १९८१ मध्ये जाळलेलं आणि पुन्हा उभारलेलं, पांढरं, इतकं पांढरं की डोळे दिपतात. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रं त्या आगीत गेली होती. आत शाळेच्या मुली परीक्षेचा अभ्यास करत होत्या. अय्या चपला काढून आत आला आणि बराच वेळ वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसून राहिला, जरी त्यातली एकही ओळ त्याला वाचता येत नव्हती. संध्याकाळी नल्लूरच्या देवळात आरती. रात्री कळलं की नैनातीवू बेटाकडच्या नावा कुरिकट्टुवानहून सकाळी सुटतात, आणि तिथे जायचं तर अख्खा दिवस हवा.

दुसऱ्या दिवशीचा आराखडा होता मन्नार. तलैमन्नारच्या टोकावर उभं राहून रामसेतूची पहिली वाळू बघायची, ही नवऱ्याची २००६ पासूनची इच्छा. जेवणानंतर त्याने वही मागितली, मन्नारवर स्वतः काट मारली आणि जाफन्यापुढच्या १ चे २ केले.

काट पेन्सिलीची आहे.