पाणी गेलं कुठं?

मुलांनो, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला तर काय होतं? चुर्र! आणि थेंब गायब. आई भाकरी करत असताना तुम्ही हे नेहमी पाहता. याच चुर्रनं गेल्या मे महिन्यात आमच्या घराची झोप उडवली होती, बरं का!

माझ्या दादाची मोटार भाड्यानं चालते. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचं आणि परत यायचं. घर त्या गाडीवरच चालतं. त्यात आमचा खानदेशी उन्हाळा, पारा ४५ अंशांवर! नेमकं तेव्हाच इंजिन थंड ठेवणारं पाणी दर दोन-तीन दिवसांनी कमी व्हायला लागलं. जमिनीवर मात्र एक थेंब नाही.

या पाण्याला कूलंट म्हणतात. त्यात पाण्याबरोबर ग्लायकॉल नावाचं रसायन असतं. इंजिनातली उष्णता घ्यायची, रेडिएटरमध्ये ती वाऱ्याला द्यायची आणि पुन्हा इंजिनात जायचं, अशी त्याची बंद फेरी. डिझेलसारखं ते खर्च होत नाही. मग कमी झालं, तर कुठूनतरी बाहेर पडतंय, हे नक्की!

एका ठिकाणी दादाला सांगितलं, "इंजिनाचं हेड उघडावं लागेल." म्हणजे मोठा खर्च आणि कितीतरी दिवस गाडी उभी. दादाचा चेहरा उतरला. शेवटी आम्ही ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. ते अहिराणीत म्हणाले, "आधी दखू, मंग बोलू." आधी पाहू, मग बोलू!

चाचांनी एकेक शंका तपासली. गाडीत पायाखालची चटई ओली आहे का? नाही. म्हणजे हीटर ठीक. ऑइल दुधाळ झालंय का? नाही. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का? तोही नाही. म्हणजे कूलंट इंजिनाच्या पोटात जात असेल, असं काही दिसत नव्हतं.

मग त्यांनी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. रेडिएटरच्या झाकणाजागी हातपंप बसवला आणि आत हवेचा दाब दिला. काटा हळूहळू उतरू लागला. चाचांनी बॅटरीचा उजेड पाडला, छोटा आरसा आत धरला. टर्बोजवळच्या बारीक नळीच्या जोडावर एक थेंब चमकला! शेजारी वाळलेला हिरवट थरही होता.

टर्बो म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याला जोडलेलं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा मिळाली, की जास्त इंधन जळतं आणि ताकद वाढते. ही चक्रं मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकतात आणि धुराच्या बाजूला टर्बो भट्टीसारखा तापतो. म्हणून अनेक टर्बोंमधून कूलंट फिरवतात.

आता कोडं सुटलं ना? गाडी चालताना तिथे पाझरलेला थेंब खाली पडण्याआधीच चुर्र होत होता! गार इंजिनावर तो वाळला नाही, म्हणून दिसला. नळीचा जोड बदलला. चाचांनी टाकीवर खडूनं रेघ मारून दिली. आठ दिवस दादानं रोज सकाळी गार इंजिनावर पातळी पाहिली. ती रेघेवरच होती. हेडला हातही लावावा लागला नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर तापूनही उकळत नाही, पण झाकण काढताच उसळून अंगावर येतं. आणि ग्लायकॉल गोड असलं तरी विषारी असतं. ते लहान मुलांपासून, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा.

आज रात्री एक प्रयोग करा. माठात आणि स्टीलच्या पातेल्यात पाणी भरा, पातळीच्या खुणा करा आणि दोन्ही झाका. सकाळी कुठलं पाणी जास्त उतरलं ते बघा. माठाखाली एकही थेंब नसेल, तर पाणी गेलं कुठं? उत्तर घाईनं देऊ नका हं. आधी दखू, मंग बोलू!