तीन लेन्सांचा संसार

स्नेहसंमेलन जवळ आले की आमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या दारात एक-दोन विद्यार्थी घुटमळू लागतात. कुणी शिष्यवृत्तीतून, कुणी सुट्टीत शिकवण्या घेऊन कॅमेरा घेतलेला असतो. प्रश्न ठरलेला : "सर, आता लेन्स कोणती घेऊ?" प्रकाशशास्त्र शिकविणाऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे, अशी त्यांची समजूत. मी उत्तर न देता उलट विचारतो, "ज्याचे चित्र काढायचे, त्याच्यापासून तू किती फुटांवर उभा असतोस?" बहुतेकांना हा प्रश्न गैरलागू वाटतो. विद्यार्थिदशेत मलाही तो तसाच वाटला असता. तो वेळेवर न विचारल्यामुळे माझे एक चित्र कायमचे अपुरे राहिले आहे. ती हकीगत पुढे येईलच.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. कॅमेऱ्याची लेन्स म्हणजे एक भिंग नसून अनेक भिंगांचा एका नळीत बसविलेला समुच्चय असतो. या समुच्चयाचे नाभीय अंतर फिरवून कमी-जास्त करता येत असेल तर ती झूम लेन्स, आणि ते कायम असेल तर प्राइम लेन्स. (गणिताच्या विद्यार्थ्यांनी येथे मूळ संख्या आठवू नयेत, ५० आणि २८ या मूळ संख्या नाहीत!) प्राइम लेन्स फार दुर्मीळ वस्तू आहे असेही नाही. आपल्या खिशातील मोबाइलची मुख्य लेन्स बहुधा कायम नाभीय अंतराचीच असते. पडद्यावर दोन बोटे पसरून आपण चित्र मोठे करतो तेव्हा पुष्कळदा आतील भिंगे जागची हलतही नाहीत.

मग झूमसारखी सोयीची वस्तू हाताशी असता प्राइमच्या मागे का लागावे? मुख्य कारण प्रकाश. लेन्सवर एफ/१.८, एफ/५.६ असे आकडे असतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. तेव्हा आकडा लहान म्हणजे छिद्र मोठे. आणि प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची झूम लांबच्या टोकाला सामान्यतः एफ/५.६ ची असते. तिच्या जागी एफ/१.८ ची ५० मि.मी. प्राइम लावली की ५.६ भागिले १.८ चा वर्ग, म्हणजे साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो. रंगमंचावरील ज्या प्रवेशाला झूमने सेकंदाचा दहावा भाग द्यावा लागतो आणि नटाचा हात हलून पुसट होतो, तेथे प्राइमने जवळजवळ शंभराव्या भागात काम होते. हात जागच्या जागी गोठतो.

परंतु प्राइम घ्यायची म्हणजे कोणत्या तरी एका आकड्याशी लग्न लावायचे. तो आकडा कोणता, हाच खरा प्रश्न; आणि त्याचे उत्तर मासिकांतील जाहिरातींत नसून साध्या त्रैराशिकात आहे. पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यातील चित्राची चौकट ३६ मि.मी. रुंद व २४ मि.मी. उंच असते. समरूप त्रिकोण मांडले की सूत्र मिळते :

चित्रात मावणारी रुंदी = विषयाचे अंतर × ३६ ÷ नाभीय अंतर.

अंतर फुटांत घातले तर रुंदीही फुटांत येते. आठ फुटांवरून २८ मि.मी. लेन्समध्ये सुमारे १०.३ फूट रुंदी मावते. ३५ मध्ये ८.२ फूट, ५० मध्ये ५.८ फूट, ८५ मध्ये ३.४ फूट, आणि १३५ मध्ये जेमतेम २.१ फूट. एवढे पाच आकडे वहीत लिहून ठेवले तरी निम्मे काम झाले.

आता माझी हकीगत. १९८७ साली मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझ्याजवळ एक वापरलेला कॅमेरा व त्याच्यावरची ५० मि.मी. लेन्स होती. वर्षभर पैसे साठवून मी दुसरी लेन्स घ्यायला निघालो. दुकानात ३५ ची एक होती आणि १३५ ची एक. १३५ डोळ्याला लावली आणि दुकानाच्या पायरीवरून समोरच्या टोकाच्या पाटीवरील अक्षरे हाताशी आल्यासारखी दिसली. मी भाळलो. ३५ मधून पाहिले तर सगळे जग लहान व लांब गेल्यासारखे वाटले. असल्या लेन्सला पैसे कोण मोजणार! १३५ घेऊन मी घरी आलो आणि महिनाभर कपिलेश्वराचे शिखर, तारेवरचे पक्षी असे काय काय टिपत राहिलो.

आमच्या ओळखीचे एक वयस्कर विणकर बेळगावातील शहापूर भागात राहत. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. त्यांच्या घरातील खड्ड्याचा हातमाग निघणार होता; मुलांनी यंत्रमागाचे ठरविले होते. अप्पांनी निरोप धाडला, "कॅमेरा घेऊन ये. मोडायच्या आधी एकदा माग काढून घे." मी गेलो. अप्पा एका टोकाला खड्ड्यात पाय सोडून बसले होते, हातात धोटा. तेथून ताणा खोलीभर पसरून दुसऱ्या टोकाच्या खांबाला भिडला होता. बाजूने पाहता हे सारे आठ फूट लांब. मी पाठ भिंतीला टेकवली तरी मागापासून आठच फूट दूर होतो. दार दुसऱ्याच बाजूला. मागे सरकायला जागा नाही. १३५ लावली तर अप्पांचा चेहरा व खांदे एवढेच. ५० लावली तर अप्पा येतात, फणी येते, ताण्याचा बराच भाग येतो, पण पलीकडचा खांब काही केल्या येत नाही. अप्पा विचारीत होते, "सगळा माग येतोय न्हवं?" मी "हो" म्हणालो. दुकानात ठेवून आलेल्या ३५ मध्ये तो बरोबर मावला असता. दोन चित्रे काढून जोडता आली असती, हेही घरी परतल्यावर सुचले. पुढच्या आठवड्यात माग निघाला.

वर दिलेले सूत्र मला तेव्हा येत नव्हते असे नाही. समरूप त्रिकोण मी शाळेतच शिकलो होतो. फक्त तो खोलीत उभा करून पाहावा, हे सुचले नव्हते.

यावरून रुंद कोनाच्या लेन्सच चांगल्या, असा अर्थ कुणी काढू नये. याच त्रैराशिकाची दुसरी बाजू चेहऱ्याच्या चित्रात दिसते. कॅमेरा उभा धरून डोके व खांदे मिळून अडीच फुटांचा भाग चौकटीत भरावयाचा असेल, तर २८ ची लेन्स लावून दोन फुटांवर जावे लागते. ८५ लावली तर सहा फुटांवर उभे राहता येते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत पाच इंच धरू. दोन फुटांवरून नाक २४ इंचांवर व कान २९ इंचांवर, म्हणजे नाक कानाच्या मानाने सुमारे २१ टक्के मोठे उमटते. सहा फुटांवरून तोच फरक ७ टक्क्यांवर येतो आणि चेहरा माणसाला ओळखीचा वाटतो. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा : नाक लेन्समुळे मोठे होत नाही, आपण जवळ गेल्यामुळे होते. चित्रातील वस्तूंची परस्पर प्रमाणे उभे राहण्याच्या जागेवरून ठरतात. त्या जागेवरून किती भाग कापून घ्यायचा, एवढेच लेन्स ठरविते. म्हणून आधी जागा, मग लेन्स.

हे पटले की संच आपोआप सुचतो. लगतच्या दोन लेन्समध्ये नाभीय अंतर दीडपटीहून कमी वाढत असेल, तर तो फरक बहुधा दोन पावले पुढे-मागे होऊन भरून काढता येतो. त्यासाठी पैसे घालवू नयेत. ३५ जवळ असता ४० घेणे हा शौक झाला, गरज नव्हे. २८, ५० आणि ८५ ही त्रयी या दृष्टीने सुटसुटीत आहे. कर्णावर मोजलेले त्यांचे दृष्टिकोन अनुक्रमे ७५, ४७ व २८ अंशांच्या आसपास येतात. २८ घरातील व गल्लीतील कामाला, ५० रोजच्या वापराला, ८५ चेहऱ्याला आणि रंगमंचाला. दोनच घ्यायच्या असतील तर ३५ आणि ८५. एकच घ्यायची असेल तर ३५ किंवा ५०. घरे, कामाचे विभाग, दुकाने यांत रमणाऱ्याने ३५ कडे झुकावे. क्रिकेट आणि पक्षी यांच्या नादी लागलेल्यांनी मात्र हा हिशेब बाजूला ठेवावा. दीडशे फुटांवरून ८५ मध्ये ६३ फूट रुंदी येते, त्यात फलंदाज मुंगीएवढा. त्यांना २०० च्या पुढेच जावे लागते, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तेथे झूमच परवडते.

एक सावधगिरी. अनेक विद्यार्थ्यांच्या कॅमेऱ्यातील चौकट पूर्ण आकाराची नसून सुमारे २३.५ मि.मी. रुंद असते. त्यांनी सूत्रात ३६ च्या जागी २३.५ घालावे. अशा कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स जवळजवळ ५० सारखी वागते, आणि ३५ सारखा कोन हवा असेल तर २४ ची लागते.

किमतीतही प्रकाशशास्त्र आहे. ५० मि.मी. एफ/१.८ ही सर्वसाधारणपणे सर्वांत स्वस्त प्राइम. पॉल रुडॉल्फ यांनी त्साइस कारखान्यासाठी १८९६ साली आखलेल्या प्लॅनार या सममित रचनेचे वंशज आजही या लेन्सांत सापडतात; ती रचना मुरलेली आहे. आरशाच्या कॅमेऱ्यांत रुंद कोनाची लेन्स अवघड जाई, कारण नाभीय अंतर लहान आणि मध्ये हलणाऱ्या आरशाला जागा तर हवी. १९५० मध्ये फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी पुढे अपसारी भिंग बसवून ही अडचण दूर केली, पण भिंगांची संख्या, वजन व किंमत वाढली. आता बिनआरशाचे कॅमेरे आल्याने ही अडचण पुष्कळ सैल झाली आहे.

तथापि विकत घेण्यापूर्वी फुकट परीक्षा घेता येते. एका जाड पुठ्ठ्यात ७२ मि.मी. रुंद व ४८ मि.मी. उंच खिडकी कापा. म्हणजे चौकटीची दुप्पट. पुठ्ठ्याला दोरा बांधून ७, १० व १७ सेंटिमीटरांवर गाठी मारा. पहिली गाठ डोळ्याच्या कडेला धरून, दुसरा डोळा मिटून खिडकीतून पाहिले की ३५ ची लेन्स काय दाखवील ते दिसते. दुसरी गाठ ५० ची, तिसरी ८५ ची. पुठ्ठा घेऊन आठवडाभर घरात, वर्गात, बाजारात हिंडा. लोक हसतील, हसू द्यावे. ज्यांच्याकडे झूम आहे त्यांनी तिचे कडे एका आकड्यावर चिकटपट्टीने पक्के करून आठवडा काढावा. शिवाय डिजिटल चित्राबरोबर नाभीय अंतराची नोंद होतेच. आपल्याला आवडलेली शंभर चित्रे काढून ती नोंद पाहावी. आपली सवय आपल्यालाच कळते.

एका लेन्सने काय होणार, अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ऑस्कर बार्नाक यांनी चित्रपटाच्या फितीवरील चौकट दुप्पट करून ३६ × २४ हे माप घेतले, आणि त्यांचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला तो ५० मि.मी.च्या एकाच, न काढता येणाऱ्या लेन्ससह. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचे बहुतेक काम ५० मि.मी.वरच झाले. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा वापरला, त्याची लेन्स तर बदलताच येत नाही. २०१२ साली बडोद्यात त्यांचे निधन झाले. अशी माणसे लेन्स बदलत बसली नाहीत; कोठे उभे राहावे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अप्पा आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नातू माझ्याकडे आला. घरात लावायला त्याला आजोबांचे चित्र हवे होते. मी ते मोठे करून दिले. बराच वेळ पाहून त्याने विचारले, "सर, ताणा पुढे कुठे बांधलेला असायचा? तो खांब दिसणारा दुसरा फोटो आहे का?" मी कागदावर पेन्सिलीने तो खांब काढून दाखवला. दुसरे काही माझ्याजवळ नव्हते.

म्हणून लेन्स विचारायला येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी घरी पाठवितो. ज्यांची चित्रे राहून जाता कामा नयेत अशी माणसे आणि खोल्या कोणत्या, याची यादी कर, खोल्या फूटपट्टीने मोज, त्रैराशिक मांड. मग ये. बहुतेक वेळा तो परत येतो तेव्हा त्याचे उत्तर त्याच्याच वहीत असते.